बाहेरून ढिला, आतून घट्ट : पिस्टन पिनच्या बुशचे एक प्रकरण

इंजिन चार सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शनचे डिझेल. नुकतेच पूर्ण ओव्हरहॉल झालेले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग शेल, पिस्टन पिना आणि चारही स्मॉल एंड बुश नवे. (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडते ती पिस्टन पिन. रॉडचे पिनकडचे टोक म्हणजे स्मॉल एंड, क्रँकशाफ्टकडचे बिग एंड. स्मॉल एंडमध्ये दाबून बसवलेली, जिच्यात पिन फिरते ती धातूची नळी म्हणजे बुश.) सुमारे ४० तास चालल्यावर आयडलिंगला आणि हलक्या लोडवर टणक, जोडीने येणारा ठोका ऐकू येऊ लागला. लोड वाढवला की ज्वलनाच्या आवाजात तो बुडून जायचा. ऑइल प्रेशर पूर्ण होते. त्यात आश्चर्य काहीच नाही. या इंजिनात स्मॉल एंडला प्रेशरचे ऑइल जातच नाही. पिस्टनखाली उडणारे ऑइल रॉडच्या माथ्यावरच्या छिद्रातून बुशपर्यंत उतरते, त्यामुळे बुश कोरडा पडला तरी गेजचा काटा हलत नाही.

इंजेक्टर पाइपचे नट एकेक करून ढिले केले आणि त्या त्या सिलिंडरचे डिझेल तोडले. तिसऱ्याला ठोक्याचा सूर बदलला, पण ठोका गेला नाही. बिग एंडचा ठोका अशा वेळी बहुधा बराच दबतो. पिनचा ठोका मात्र नुसती जागा बदलतो, कधी कधी जास्तच स्पष्ट होतो. ही परीक्षा जुन्या धाटणीच्या पंपावरच करावी. कॉमन रेल इंजिनात चालू पाइपला हात लावायचा नाही, तिथला दाब कातडी फाडून आत शिरतो.

हेड आणि ऑइल चेंबर उतरवून तिसरा पिस्टन काढला. पिन रॉडमध्ये जवळजवळ जाम होती, मधल्या पट्ट्यावर निळी पडलेली. बुश रॉडच्या भोकात सुमारे ४० अंश फिरलेला होता आणि त्याचे ऑइल छिद्र रॉडच्या भिंतीआड गेले होते. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या घेरावर) घासल्याच्या खुणा होत्या. पहिल्या आणि चौथ्या पिस्टनवरही खुणा होत्या, त्या तिरप्या : एका बाजूला वर, समोरच्या बाजूला खाली. दुसऱ्या बुशचे अस्तर एका जागी चोळले गेले होते.

ऑइलचे छिद्र बंद व्हायला ४० अंशही लागत नाहीत. बुशचा बाहेरचा व्यास ३९ मि.मी. म्हणजे परीघ सुमारे १२२ मि.मी., एका अंशाला जेमतेम ०.३४ मि.मी. रॉडचे छिद्र ६ मि.मी. आणि बुशचे ५ मि.मी. असेल तर साडेपाच मि.मी. सरकले की वाट पूर्ण बंद. हे झाले अवघे १६ अंश.

मोजमापे काय सांगत होती

बुशला दोन फिट असतात, बाहेरचा रॉडशी आणि आतला पिनशी, हे सगळ्यांना माहीत असते, पण मोजला जातो आतला. पुढचे आकडे त्यासाठीच नीट पाहावेत. घोळ नको म्हणून रॉडमध्ये ज्यात बुश बसतो त्याला इथे रॉडचे भोक म्हटले आहे, आणि ज्यात पिन फिरते त्याला बुशचा बोअर.

या इंजिनासाठी रॉडचे भोक ३९.००० ते ३९.०२५ मि.मी. असायला हवे, बाहेरचा इंटरफिअरन्स (बुश भोकापेक्षा जितका मोठा, म्हणजेच पकड) ०.०५ ते ०.१० आणि पिनचा क्लिअरन्स (पिन आणि बोअर यांच्यातली मोकळीक) ०.०२० ते ०.०४०. बुश दाबून काढल्यावर भोके अशी निघाली : पहिले ३९.०१२, दुसरे ३९.०१५, चौथे ३९.०१४. तिसरे मात्र रॉडच्या लांबीच्या दिशेने ३९.०५९ आणि आडवे ३९.०३७, म्हणजे सरासरी ३९.०४८ आणि वर ०.०२२ चा अंडाकार. बसवलेल्या बुशांचा बाहेरचा व्यास ३९.०७५ च्या आसपास. बाकी तिघांना त्यामुळे ०.०६० ची पकड मिळाली, तिसऱ्याला फक्त ०.०२७, आणि तीही सगळीकडे सारखी नाही.

आतली बाजू बरोबर उलटी. चारही पिना ३५.९९५ ते ३५.९९८. क्लिअरन्स चारही ठिकाणी ०.०११ ते ०.०१४ निघाला, म्हणजे किमान मर्यादेच्या निम्म्याहून थोडाच जास्त. पिन आणि बुश यांच्यातली ओढ बुश आणि रॉड यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त झाली की बुश पिनेबरोबर फिरतो. तिसऱ्या रॉडमध्ये दोन्ही चुका एकत्र आल्या. दुसऱ्यात बाहेरची पकड चांगली होती म्हणून बुश जागेवर राहिला आणि अस्तरावर निभावले.

क्लिअरन्स कमी का ठेवला गेला, हे समजून घ्यावे लागेल, कारण ही सवय फार पसरलेली आहे. ०.०१२ च्या फिटमध्ये ऑइल लावलेली पिन अंगठ्याने ढकलली की संथ, मऊ सरकते. हाताला ती उत्तम फिट वाटते. ०.०३० ला तीच पिन किंचित डुलते आणि कारागिराला वाटते की बुश मोठा झाला. हलक्या पेट्रोल इंजिनांत खरोखरच ०.०१० च्या आसपासचे फिट ठेवतात, आणि तिथली बोटांची सवय डिझेलवर चालवली जाते. पण डिझेलची पिन पिस्टनकडून उष्णता घेते आणि रॉडपेक्षा जास्त तापते. ३६ मि.मी. ची पोलादी पिन रॉडच्या स्मॉल एंडपेक्षा ३० अंशांनी जास्त गरम झाली तर तिचा व्यास तेवढ्यानेच सुमारे ०.०१३ ने वाढतो. ०.०१२ चा क्लिअरन्स तिथेच संपला. ऑइलच्या थराला जागाच उरत नाही.

चार स्ट्रोक इंजिनात या बुशला ऑइल मिळते ते भाराची दिशा उलटते म्हणून. ज्वलनाच्या वेळी पिन बुशच्या खालच्या अर्ध्या भागावर दाबली जाते. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन वरच जाऊ पाहतो, रॉड त्याला खाली ओढतो, आणि भार बुशच्या वरच्या अर्ध्या भागावर जातो. प्रत्येक वेळी मोकळ्या झालेल्या बाजूला ऑइल शिरते. क्लिअरन्स इतका कमी असेल की मोकळी बाजू उघडतच नाही, तर छिद्र नीट जुळलेले असूनही बुश उपाशी राहतो.

भोक मोठे कशाने झाले

तिसऱ्या भोकात लांबीच्या दिशेने दोन खोल ओरखडे होते आणि बाकी पृष्ठभागावर एमरीच्या आडव्या रेघा. आधीचा बुश छिन्नीने फोडून काढला होता आणि ओरखड्यांच्या कडा एमरीने घासून काढल्या होत्या. एमरीने भोक गोल राहत नाही, आणि तिने काढलेला माल परत येत नाही. छिन्नी स्मॉल एंडपासून लांबच ठेवावी. बुश प्रेसखाली निघत नसेल तर हॅकसॉचे पाते भोकातून ओवून बुशला लांबीने चीर द्यावी, पण शेवटचे ०.३ मि.मी. सोडून थांबावे. चीर पडली की बुशचा ताण जातो आणि तो हलक्या दाबाने निघतो.

पहिल्या आणि चौथ्या पिस्टनवरच्या तिरप्या खुणांनी आधी रॉड वाकल्याचा संशय येत होता. रॉड अलाइनमेंट जिगवर, बुश आत असताना, पिनच्या १०० मि.मी. लांबीत ०.०९ मि.मी. तिरपेपणा दिसला. इथे घाई करून रॉड प्रेसखाली सरळ करायला घेतला असता तर चांगला रॉड वाकवला गेला असता. बुश काढून तोच रॉड त्याच जिगवर, भोकात नेमका बसणारा मँड्रेल (मापाचा गोल दांडा) घालून मोजला, तर तिरपेपणा ०.०२. मर्यादा ०.०५. रॉड सरळच होता, तिरपा होता तो बुशचा बोअर. हाताच्या ॲडजस्टेबल रीमरला (भोक मोठे करायच्या फिरत्या हत्याराला) मार्गदर्शक बुशिंग न लावता बोअर काढला की असेच होते : रीमर सुरुवातीला जसा कलतो तसाच पुढे जातो. कडांना बोअर ३६.०२० च्या वर आणि मध्ये ३६.००७, ही बेल माउथही त्याच रीमरची खूण.

पहिला आणि चौथा बुश जागेवर पक्के होते, तरी बदलावे लागले. अक्ष सरळ करण्याइतका माल आत उरला नव्हता.

तिसऱ्या रॉडचा निर्णय

नियमाने रॉड बदलावा. वजनाच्या त्याच गटातला रॉड मिळत असेल तर दुसरा विचार नको. इथे तसा मिळाला नाही. रॉडच्या स्मॉल एंडचा रंग उष्णतेने बदललेला नव्हता आणि मॅग्नेटिक तपासणीत तडा दिसला नाही, म्हणून रॉड वाचवायचे ठरले. यातली एक जरी अट पुरी झाली नसती तर रॉड भंगारात गेला असता. स्मॉल एंड निळा पडलेला रॉड पुन्हा बसवणे म्हणजे पुढच्या वेळी ब्लॉकची भिंत फुटण्याची सोय करणे.

भोक होनिंग मशीनवर (दगडाने बारीक घासून माप आणणाऱ्या) ३९.०८० पर्यंत नेले. तेवढ्यात अंडाकार आणि एमरीच्या रेघा गेल्या. ओरखड्यांचा तळ पुसट उरला, पण त्यांच्या कडा वर उठलेल्या नव्हत्या. त्या पुसण्यासाठी आणखी माल काढण्यात अर्थ नव्हता. बाहेरचा व्यास मोठा असलेला तयार बुश नसल्याने फॉस्फर ब्राँझच्या सळईतून लेथवर बुश काढला : बाहेरून ३९.१६०, आतून ३५.८०, म्हणजे ०.०८० ची पकड.

बाकी तीन बुश पोलादी पाठीवर ब्राँझचे अस्तर असलेले, जोडाचे (पट्टी गोल वळवून केलेले). असा बुश हातात असताना गोल नसतो, त्यामुळे एका दिशेने मोजून व्यास ठरवू नये. पाच-सहा दिशांनी मोजून सरासरी धरावी. या वेळी ती ३९.०७८ आली.

दाबून बसवणे

भोकाच्या कडेला अर्धा ते एक मि.मी. चेंफर (तिरपी कड) आहे ना हे पाहिले. एका रॉडवर ते छिन्नीने चेपले होते, ते स्क्रेपरने सरळ केले. मँड्रेल पायरीचा घेतला : पुढचा भाग बुशच्या बोअरपेक्षा ०.१५ ने लहान, पायरी भोकापेक्षा अर्धा मि.मी. ने लहान. रॉडखाली स्मॉल एंडला पूर्ण टेकणारी रिंग ठेवली. रॉडचा दांडा लाकडावर टेकवून स्मॉल एंड अधांतरी ठेवला तर दाबताना रॉडच पिळतो.

बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. खोलीच्या तापमानापासून ४५ अंश खाली गेल्यावर ३९ मि.मी. चा ब्राँझ बुश सुमारे ०.०३ मि.मी. आकसतो, पोलादी पाठीचा ०.०२. एवढ्याने तो हाताने बसत नाही, प्रेस लागतोच, पण सुरुवात सरळ होते आणि बाहेरचा पृष्ठभाग खरवडला जात नाही. काम लवकर उरकावे लागते, कारण पातळ बुश मिनिटभरातच गरम होऊ लागतो आणि त्यावर दव धरते. रॉडला गॅसची ज्योत लावू नये.

दाबण्याआधी बुशच्या छिद्राच्या मध्यावर आणि रॉडच्या छिद्रासमोर मार्करने रेघ मारली. पोलादी पाठीच्या बुशचा जोड वरपासून ४५ अंशांवर, बाजूला ठेवला. तो तळाशी आला तर ज्वलनाचा पूर्ण भार जोडावर पडतो. छिद्र बुशमध्ये आधीच पाडलेले असल्याने जोडाची जागा आपोआप ठरते, पण सुटे बुश घेताना हे तपासून घ्यावे. प्रेसचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा चढला पाहिजे. काटा एकदम उडाला तर बुश तिरपा शिरतो आहे, आणि काटा हललाच नाही तर पकड नाही. दोन्ही वेळा थांबून पुन्हा मोजायचे.

बसल्यावर ४.५ मि.मी. च्या ड्रिलची गुळगुळीत दांडी वरच्या छिद्रातून आत घालून पाहिली. तीन रॉडांत ती मोकळी गेली. ब्राँझ बुशमध्ये छिद्र आधी पाडले नव्हते, ते रॉडच्याच छिद्रातून पाडले, आतली कड हाताने मोडली आणि कीस हवेने बाहेर काढला. ज्या रॉडांत बिग एंडकडून दांड्यातून ऑइलची वाट येते तिथे असे पाडले तर कीस त्या वाटेत बसतो. त्या वाटेतून रॉकेल आणि ब्रश फिरवल्याशिवाय काम पूर्ण समजू नये.

दाबल्यावर बोअर आकसतो. ब्राँझ बुश ३५.८० वरून ३५.७४ वर आला. ०.०८० च्या पकडीपैकी ०.०६० आत उतरले, म्हणजे पाऊण भाग. आकसणे फारच कमी निघाले असते तर बाहेरच्या मापावरच शंका घ्यावी लागली असती. बाहेरचा फिट नंतर दिसत नाही, त्याची एवढीच साक्ष मिळते.

बोअर आणि होनिंग

बिग एंडच्या कॅप आपापल्या रॉडला, नंबर जुळवून, पूर्ण टॉर्कने आवळल्या. बोअरिंग मशीनवर रॉड बिग एंडवरून धरला जातो आणि कॅप ढिली असेल तर तिथला अक्षच खोटा असतो. चारही बुश ३५.९९ पर्यंत बोअर केले आणि उरलेले काम होनिंग मशीनवर केले. रॉड दर थोड्या फेऱ्यांनी उलटा केला, नाहीतर बोअर एका बाजूने निमुळता होतो.

होनिंगच्या वेळी सगळ्यात जास्त फसवते ते तापमान. घर्षणाने स्मॉल एंड २० अंशांनी गरम झाला तर बोअर ०.००९ ने मोठा दिसतो. त्या मापावर विश्वास ठेवून थांबलो तर थंड झाल्यावर क्लिअरन्सचा तिसरा हिस्सा गायब. म्हणून शेवटच्या ०.०१ साठी रॉड, पिन आणि गेज एकाच टेबलावर अर्धा तास ठेवून मगच मोजले. पिन मोजेपर्यंत मुठीत धरून ठेवायची नाही.

पोलादी पाठीचे तीन बोअर ३६.०२१ ते ३६.०२३ वर थांबवले. पिना ३५.९९६, क्लिअरन्स ०.०२५ ते ०.०२७. ब्राँझचा बुश मुद्दाम ३६.०३२ ला नेला, क्लिअरन्स ०.०३६. ब्राँझ पोलादापेक्षा जास्त फुगतो. रॉड ८० अंशांनी तापला तर ३९ मि.मी. वर हा फरक सुमारे ०.०१९ होतो. बाहेर फुगायला रॉड जागा देत नाही, त्यामुळे पकड वाढते आणि बोअर आत येतो. तयार बुश आणि सळईचा बुश यांना एकच क्लिअरन्स देणे ही वरवर दिसत नाही अशी चूक आहे. मापे प्रत्येक बोअरला तीन खोलींवर आणि दोन दिशांनी घेतली. सगळ्यात जास्त फरक ०.००३ आला.

जिगवर पुन्हा पाहिले : वाक ०.०२ ते ०.०३, पीळ ०.०३ पर्यंत, दोन्ही १०० मि.मी. ला. हे माप ०.०५ च्या वर असते तर बुश पुन्हा काढावा लागला असता.

जोडणी आणि सुरुवात

तिसरी पिन आणि तिसरा पिस्टन नवे घेतले. निळी पडलेली पिन पॉलिश करून वापरणे हा वेडेपणा आहे, तिची कठीणता गेलेली असते. बाकी तीन पिस्टनांवरच्या खुणा नखाला लागत नव्हत्या, म्हणून ते ठेवले. पिस्टन गरम पाण्यात सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून, पुसून, ऑइल लावून पिना हाताने सरकवल्या. हातोडीने पिन मारली की बॉसच्या (पिस्टनमधल्या पिनच्या बैठकीच्या) आतला पृष्ठभाग खरवडतो आणि रॉडवरही झटका बसतो. सर्क्लिप (पिन बाहेर सरकू न देणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) सगळे नवे, त्यांची फट वर किंवा खाली, आडवी नाही, कारण पिस्टन दर फेरीला वर-खाली झटके खातो आणि आडवी फट असलेला सर्क्लिप त्या झटक्यांनी आवळला जाऊन खाचेतून सुटू शकतो.

पिस्टन बसवल्यावर डायल गेजने माथ्याची ब्लॉकच्या वरची उंची मोजली : ०.२७, ०.२८, ०.२६, ०.२८. हवी ०.२० ते ०.३५. बुशचा अक्ष वर-खाली सरकला असता तर तो इथे पकडला गेला असता. हेड बसल्यावर कळून उपयोग नाही.

चालू करण्याआधी प्रत्येक स्मॉल एंडच्या छिद्रात ऑइल घातले होते. पहिले ५० तास पूर्ण लोड टाळला, नुसते आयडलिंगवरही चालवत ठेवले नाही, कारण आयडलिंगला पिस्टनखाली ऑइल कमी उडते. ५० तासांनी फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. ब्राँझचा कण नव्हता. डिझेल तोडून पाहिल्यावर चारही सिलिंडरांचा आवाज सारखा होता.

तिसऱ्या रॉडचे भोक आता ३९.०८० आहे, आणि पुढच्या वेळी कोणी नेहमीचा बुश आणून त्यात दाबला तर पकड शून्य निघेल. ही नोंद इंजिनाच्या कार्डावर लिहिली, शिवाय बिग एंड कॅपच्या सपाट बाजूवर इलेक्ट्रिक पेनने कोरली. रॉडच्या दांड्यावर पंच मारायचा नाही, तडा तिथूनच सुरू होतो.